अभिरुचीचें माप

कोणती वस्तु कोणत्या वस्तूबरोबर खावी हा प्रश्न तसा स्वयंपाकघराचा. त्यांत नीतिशास्त्रानें डोकावण्याचें कारण काय, असें आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांस वाटेल. आम्हांसहि गेल्या चैत्रापर्यंत तसेंच वाटत होतें. पुरणपोळीवर तूप घ्यावें कीं दूध, यावरून घरोघर वाद होतात. परंतु त्या वादांत कोणी पापपुण्याचा हिशेब मांडीत नाहीं. तथापि तोरणमाळच्या डोंगरावर एका संध्याकाळीं गोड तांबड्या वाइनबरोबर चीजचा तुकडा खात असतांना आमच्या हातून जें घडलें, तें आठवलें म्हणजे हा विषय दिसतो तितका निरुपद्रवी नाहीं असें वाटूं लागतें. रुचीचा प्रश्न कोठें संपतो आणि न्यायाचा कोठें सुरू होतो, ती सीमा आम्हीं त्या दिवशीं नकळत ओलांडली. ती सीमा नेमकी कोठें होती, तें येथें पाहावयाचें आहे.

तोरणमाळ हें नंदुरबार जिल्ह्यांतील सातपुड्याच्या माथ्यावरचें ठिकाण. उंची सुमारें पावणेचार हजार फूट. शहाद्याकडून निघालेला रस्ता सातपायरीच्या घाटाचीं वळणें चढून पठारावर येतो, तेव्हां खानदेशचा उन्हाळा खालीं राहतो आणि यशवंत तलावावरून येणारा वारा अंगाला सुखवितो. तो तलाव, सीताखाईची खोल दरी, गोरखनाथाचें देऊळ आणि पावरा व भिल्ल लोकांच्या विरळ वस्त्या, एवढाच तेथील संसार. चैत्राच्या सुमारास उतारावरच्या रानांत मोहाचीं फुलें गळूं लागतात. हीं फुलें रात्रीं उमलतात आणि पहांटेस झाडाखालीं त्यांचा सडा पडतो. फूल मांसल, फिकट पिवळें आणि साखरेनें भरलेलें. बायका आणि मुलें टोपल्या घेऊन तीं वेंचावयास बसतात. वाळविलेलें फूल पुष्कळ दिवस टिकतें. दुष्काळांत त्यानें लोकांचे प्राण वांचविलेले आहेत. आणि त्याचीच दारूहि गाळतात.

आम्ही तिघे मित्र घरच्या मंडळींसह तेथें दोन दिवसांकरितां गेलों होतों. तिघांपैकीं एक नुकतेच विलायतेहून परतले होते आणि त्यांनीं बर्फाच्या डब्यांतून मोठ्या हौसेनें दोन वस्तु वर आणल्या होत्या: निळ्या शिरांचें स्टिल्टन नांवाचें चीज आणि पोर्तुगालांतील दोउरू नदीच्या खोऱ्यांतली पोर्ट वाइन. सूर्य मावळल्यावर मुक्कामाच्या ओसरीवर सतरंज्या पडल्या, कांचेचे पेले मांडले गेले, आणि आमच्या मित्रांनीं आम्हांस या जोडीचा धडा देण्यास आरंभ केला.

धडा ऐकण्यासारखा होता, हें प्रथम कबूल केलें पाहिजे. नुसतें चीज जिभेवर ठेवलें तेव्हां तें उग्र, खारट आणि कांहींसें टोंचणारें लागलें. आमच्या घरीं दूध फाटलें तर तें नासलें असें म्हणतात. हें तर फाटलेलें दूध महिनोन् महिने मुरवून त्यांत मुद्दाम बुरशी वाढविलेली. नुसती वाइन घेतली तेव्हां ती पाकासारखी गोड, आणि गोडीच्या मागें थोडी तुरट. परंतु चीजचा कण तोंडांत असतांना वाइनचा घोट घेतला, तों दोन्हींचें दुखणें गेल्यासारखें झालें. चीजचा उग्रपणा मवाळला, वाइनचा मिट्टपणा ओसरला, आणि तिसरीच एक चव, दोहोंपैकीं कोणांतहि नसलेली, तोंडांत उरली. आमच्या भाषेंत चीज या शब्दाचा अर्थ मोलाची वस्तु असाहि आहे, गवयाची बंदिश असाहि आहे. त्या घोटाला दोन्ही अर्थ लागू पडले.

यामागचें कारणहि गूढ नाहीं. मीठ हें कडवटपणाला दाबतें आणि गोडीला उठाव देतें. चीजमधील स्निग्धांश आणि प्रथिनें तांबड्या वाइनमधील तुरट द्रव्यांना आपल्याकडे ओढून घेतात, म्हणून घशाला कोरड पडत नाहीं. आमच्या स्वयंपाकघरांना हें तत्त्व अपरिचित नाहीं. चिंचगुळाची आमटी, कैरीला मीठ, पेरूच्या फोडीला तिखटमीठ, हीं सर्व याच तत्त्वाचीं उदाहरणें. पुरणपोळीच्या गोडीशेजारीं त्याच डाळीच्या पाण्याची तिखट कटाची आमटी वाढणाऱ्या गृहिणीनें कोणतें पुस्तक वाचलें होतें? आयुर्वेदांत तर यासाठीं शब्दच आहेत: अन्नाबरोबर वा औषधाबरोबर काय घ्यावें तें अनुपान, आणि काय एकत्र येऊं नये तें विरुद्धाशन. दूध व मासे एकत्र खाऊं नयेत हा चरकसंहितेचा निषेध पुष्कळांस ठाऊक आहे. वस्तूचा गुण एकट्या वस्तूंत नसतो, तो तिच्या संगतींत प्रकट होतो किंवा बिघडतो, ही त्यामागील दृष्टि. म्हणून अभिरुचि ही केवळ श्रीमंतांची लहर आहे, तीत ज्ञान असें कांहीं नाहीं, असें जे म्हणतात त्यांच्याशीं आम्ही सहमत नाहीं. जीभ शिकूं शकते, आणि शिकलेली जीभ ही शिकलेल्या कानाइतकीच आदराला पात्र आहे.

परंतु आमच्या मित्रांनीं याच ओघांत आणखी एक विधान केलें, आणि आम्हीं मान डोलावली. ते म्हणाले, "वाइन पिणें निराळें आणि दारू पिणें निराळें. एक संस्कृति आहे, दुसरें व्यसन."

नेमकें त्याच वेळीं पायरीपाशीं कोणी येऊन उभें राहिलें. दुपारीं आम्हीं एका पावरा गृहस्थांस वाटाड्या म्हणून ठरविलें होतें. वय साठीच्या घरांत, बोलणें थोडें, चाल तरुणाला लाजविणारी. त्यांनीं आम्हांला तलावाभोंवतीं हिंडविलें होतें, मुलांना झाडांचीं नांवें सांगितलीं होतीं, आणि दुसऱ्या दिवशीं पहांटे सीताखाई दाखविण्याचें कबूल केलें होतें. मजुरी दोन्ही दिवसांची मिळून शेवटीं द्यावयाची होती. तेच आतां आले होते. पाय स्थिर होते, नजर शांत होती. परंतु जवळ येतांच मोहाच्या दारूचा वास आला.

दुपारभर आम्हीं त्यांना 'दादा' म्हणून हांक मारली होती आणि 'तुम्ही' म्हणून बोललों होतों. आतां आमच्या तोंडून निघालें तें असें: "दारू पिऊन येथें बायकामुलांत येतोस? उद्यां येऊं नकोस. आजचे पैसे सकाळीं बघूं. तेहि अर्धे मिळतील."

ते कांहीं बोलणार होते, तें थांबले. कंदिलाच्या उजेडांत आमच्या हातांतला तांबडा पेला त्यांना दिसला असावा. त्यांनीं विचारलें, "हे कशाचं?"

"द्राक्षांचं," आम्हीं म्हटलें.

"आमचं फुलांचं," असें म्हणून ते अंधारांत निघून गेले. आवाजांत राग नव्हता, टोंचणीहि नव्हती. एखाद्यानें धान्याचें नांव सांगावें तसें त्यांनीं तें सांगितलें.

आम्ही पुन्हां बाटलीवरचीं अक्षरें वाचूं लागलों. इतक्यांत मित्रांच्या पत्नी, ज्यांनीं पेल्यास स्पर्शहि केला नव्हता, म्हणाल्या, "ते काय सांगायला आले होते, हें कोणी विचारलंत का?" कोणीं विचारलें नव्हतें.

उत्तर पहांटे मिळालें. अठरावीस वर्षांचा एक मुलगा दारांत उभा होता. बापानें पाठविलें आहे, सीताखाई मी दाखवतों, असें तो म्हणाला. त्यांच्या घरीं आदल्या दिवशीं गेलेल्या माणसाच्या नांवानें विधि होता. त्यांत पूर्वजांना मोहाची धार जमिनीवर सोडावी लागते आणि उरलेली आप्तांनीं पंक्तीनें घ्यावी लागते. विधि दुसऱ्या दिवशींहि चालावयाचा होता. म्हणून आपण येऊं शकत नाहीं, मुलाला धाडतों, एवढा निरोप देण्यासाठीं तो गृहस्थ घरचें कार्य सोडून अंधारांतून आला होता. आम्हीं मुलाजवळ बापाची पुरी मजुरी दिली. त्यानें ती मोजून घेतली आणि वाट दाखवावयास पुढें चालूं लागला. क्षमा मागण्यासारखें कांहीं वाक्य आम्हीं मनांत जुळविलें होतें. तें त्या मुलाला सांगण्यांत अर्थ नव्हता, आणि ज्यांना सांगावयाचें ते तेथें नव्हते.

प्रश्न असा, कीं आमच्या पेल्यांत आणि त्यांच्या पेल्यांत असें काय अंतर होतें, ज्यामुळें आम्ही न्यायाधीश झालों आणि ते आरोपी? खालीं उतरल्यावर आम्हीं याचा शांतपणें विचार केला. आपल्या बाजूनें जितके मुद्दे सुचले तितके मांडून पाहिले. ते वाचकांपुढेंहि ठेवतों.

पहिला मुद्दा सौम्यतेचा. वाइन सौम्य, दारू तीव्र, असें सर्रास म्हणतात. साध्या वाइनीस तें लागूहि पडतें. तींत मद्यार्काचें प्रमाण शेंकडा बारा ते चौदाच्या आसपास असतें. परंतु आमच्या पेल्यांत साधी वाइन नव्हती. पोर्ट गोड कां असते? द्राक्षरस आंबत असतांना त्यांतील साखर पूर्णपणें संपण्यापूर्वींच त्यांत द्राक्षांपासून गाळलेली दारू ओततात. तिच्या तीव्रतेनें आंबण्याची क्रिया थांबते, साखर शिल्लक राहते, आणि मद्यार्क शेंकडा वीसच्या जवळ पोंचतो. म्हणजे चीजच्या खारटपणाशीं जिचें इतकें सुरेख जमलें ती गोडी भट्टींतून निघालेल्या दारूनेंच राखलेली होती. मोहाची दारू धारेप्रमाणें कमीअधिक तीव्र असते, आणि पहिल्या धारेची फारच तीव्र, हें खरें. परंतु हा फरक अंशाचा आहे, जातीचा नव्हे. तिरस्कार मात्र आम्हीं जातीच्या फरकाला शोभेल असा केला.

दुसरा मुद्दा अन्नाचा. चीजबरोबर, जेवणाबरोबर, संथपणें घेतलेलें मद्य एकट्यानें उपाशी पोटीं ढोसलेल्या मद्याहून कमी घातक, हेंहि खोटें नाहीं. अन्नामुळें मद्य रक्तांत सावकाश मिसळतें. चरकसंहितेंतहि विधि, मात्रा, काल, हितकर अन्न आणि पिणाऱ्याचें बल हें सारें पाहून घेतलेलें मद्य अमृतासारखें आणि एरवीं तेंच विषासारखें, अशा आशयाचें विवेचन आहे. परंतु त्या कसोटीस कोण उतरलें? आम्ही हौसेखातर पीत होतों. ते विधीकरितां, ठरलेल्या दिवशीं, आप्तांच्या पंक्तींत प्याले होते. पहिली धार त्यांनीं पूर्वजांना दिली होती. आम्हीं पहिला घोट घेण्यापूर्वीं कोणाचें स्मरण केलें? बाटलीच्या किंमतीचें.

तिसरा मुद्दा शुद्धतेचा. विषारी दारूनें माणसें मरतात, आणि हें भय काल्पनिक नाहीं. मुंबईंत मालाडच्या मालवणी भागांत जून २०१५ मध्यें अशा दारूनें शंभराहून अधिक माणसें मेलीं. परंतु तीं मेलीं तीं मिथेनॉल नांवाच्या विषानें, म्हणजे धंद्यांतल्या भेसळीनें. घरच्या विधीकरितां गाळलेल्या मोहाच्या फुलांनीं नव्हे. शिवाय आम्हीं त्या गृहस्थांना हांकललें तें त्यांच्या जीविताच्या काळजीनें, असें म्हणण्याचें धाडस आम्हांला होत नाहीं.

चवथा मुद्दा खरा, आणि आमच्या मित्रांच्या वाक्यांत तोच दडलेला होता: आम्ही चवीसाठीं पितों, ते नशेसाठीं. हें आम्हांला कसें कळलें? मोहाच्या दारूंतहि जाणकारी असते. फूल यंदाचें कीं गेल्या वर्षाचें, वाळवितांना त्याला ओल लागली होती काय, धार कितवी, हें वासावरून सांगणारे लोक सातपुड्यांत आहेत. ही जाणकारी पुस्तकांत छापलेली नाहीं म्हणून ती अभिरुचि नाहीं, असें आम्हीं गृहीत धरलें. उलट आपल्याविषयीं प्रामाणिकपणें बोलावयाचें तर, त्या पेल्यांत मद्यार्क मुळींच नसता, निव्वळ द्राक्षांचा गोड रस असता, तर आमच्या मित्रांनीं तो इतक्या जपणुकीनें घाट चढवून आणला असता काय? चव होती हें खरें. पण चवीच्या आडोशाला दुसरेंहि कांहीं होतें. चवीचें कारण स्वतःसाठीं ठेवावें आणि नशेचें कारण दुसऱ्याच्या पदरीं बांधावें, ही वांटणी फार सोईची आहे.

तर मग हा भेद आला कोठून? तो जिभेनें केलेला नाहीं. तो पुष्कळ अंशीं जकातीनें आणि अबकारीनें केलेला आहे, असें इतिहास पाहतां दिसतें. इंग्रजांची पोर्टविषयींची आवड कांहीं स्वयंभू नव्हती. फ्रान्सशीं वैर असल्यामुळें तेथील वाइन महाग वा दुर्मिळ झाली. १७०३ सालच्या मेथुएन तहानें पोर्तुगीज वाइनवरची जकात फ्रेंच वाइनीपेक्षां कमी राहिली. आणि दोउरूच्या खोऱ्यांतली तांबडी वाइन इंग्रजांच्या घरोघर गेली. जेवणाच्या शेवटीं स्टिल्टनचा तुकडा आणि पोर्टचा पेला ही जोडी त्या देशाच्या रीतीचा भाग बनली. आमच्याकडे गोव्यांत पोर्तुगीजांच्या मागें 'पोर्ट वाइन' या नांवाची गोड तांबडी वाइन राहिली, ती अजूनहि तेथें स्वस्त व लोकप्रिय आहे. तह झाला, जकात बदलली, आणि एक पेला कुलीन ठरला.

दुसऱ्या पेल्याचें प्रारब्ध उलट. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत सुराध्यक्षाचें प्रकरण आहे. द्राक्षांच्या मद्याला तो मधु म्हणतो आणि कापिशायन, हारहूरक अशीं त्याच्या उत्पत्तिस्थानांवरून पडलेलीं नांवें देतो. म्हणजे प्रदेशावरून वाइनीचें नांव ठेवण्याची रीति आम्हांला परकी नाहीं. परंतु त्याच प्रकरणांत उत्सव, समाज आणि यात्रा यांच्या वेळीं चार दिवस मद्य करण्याची मोकळीक द्यावी असेंहि सांगितलेलें आहे. सरकारच्या तिजोरीवर करडी नजर ठेवणाऱ्या त्या ग्रंथकारालाहि लोकांच्या कार्यापुरता अपवाद ठेवावासा वाटला. इंग्रजी राज्यांत हा अपवाद उरला नाहीं. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्यानें गाळण्याचा हक्क सरकारच्या हातीं एकवटला आणि मक्तेदारांच्या दुकानांतून दारू विकत घेण्याची वेळ रानांतल्या लोकांवर आली. १८९२ च्या मोहफुलांसंबंधींच्या कायद्यानें तर ठाणें आणि कुलाबा या जिल्ह्यांत फुलें जवळ बाळगण्यावरच निर्बंध घातले. जें फूल झाडाखालीं आपोआप गळतें, जें माणसाचें अन्न आहे, तें घरांत ठेवणें हा गुन्हा होऊं शकला. स्वराज्य आल्यावर १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यानेंहि मोहफुलांवरचें नियंत्रण चालूच ठेवलें. महाराष्ट्रांत फुलें गोळा करणें आणि त्यांची वाहतूक यांवरचे निर्बंध सैल झाले ते २०२१ सालीं.

याच काळांत द्राक्षाचें काय झालें? २००१ सालीं महाराष्ट्र सरकारनें द्राक्षप्रक्रिया धोरण काढून वाइनधंद्याला सवलती दिल्या. नाशिकच्या परिसरांत वाइनरी उभ्या राहिल्या, पर्यटक येऊं लागले, चीजच्या तबकांसह वाइन चाखण्याचे कार्यक्रम होऊं लागले. शेतकऱ्याच्या मालाला भाव मिळाला तर तें आनंदाचेंच आहे; आमचा त्यावर आक्षेप नाहीं. २७ जानेवारी २०२२ रोजीं राज्य मंत्रिमंडळानें मोठ्या किराणा दुकानांतून वाइन विकूं देण्याचा निर्णय घेतला, त्याला अण्णा हजारे यांच्यासारख्यांनीं कडाडून विरोध केला, आणि तो अमलांत आला नाहीं. त्या वादांत वाइन म्हणजे दारू नव्हे, हें वाक्य पुन्हां पुन्हां ऐकूं आलें. त्याच महिन्यांत सातपुड्यापलीकडच्या मध्य प्रदेशानें मोहाच्या दारूला 'वारसा' म्हणून मान्यता देणारें धोरण मंजूर केलें. म्हणजे तीच दारू सुबक बाटलींत भरून, चिकटचिठ्ठी लावून आली तर वारसा. आणि पावऱ्याच्या मडक्यांतून आली तर गुन्हा! उद्यां त्या बाटलीबरोबर कोणतें चीज जुळतें याची चर्चा आमच्यासारखेच लोक ओसरीवर बसून करतील, यांत आम्हांला शंका नाहीं.

येथवर वाचून कोणी असा निष्कर्ष काढील, कीं सर्व पेले सारखेच आहेत, तेव्हां ज्याला जें प्यावयाचें तें त्यानें प्यावें, असें आमचें म्हणणें आहे. तसें नाहीं. आम्ही ज्या पिढींत वाढलों तिनें दारूनें धुळीला मिळालेलीं घरें पाहिलेलीं आहेत, झोंपड्यांत आणि बंगल्यांतहि. शिवाय सातपुड्याच्या लोकांना आपल्या पेल्याचा दोष दिसतच नाहीं, असें समजणें हाहि त्यांचा अपमानच होय. १९२२ सालीं देवीची चळवळ दक्षिण गुजरातेंतून आणि लगतच्या मुलखांतून पसरली. हजारों आदिवासींनीं देवीच्या आज्ञेनें दारू सोडली आणि मक्तेदारांच्या दुकानांकडे पाठ फिरविली. पुढें १९३८ च्या सुमारास पश्चिम खानदेशांत तळोद्याच्या बाजूस गुला महाराज यांनीं भिल्ल समाजांत स्वच्छतेचा आणि दारू सोडण्याचा उपदेश केला, आणि त्यांच्या मागें त्यांचे बंधु रामदास महाराज यांनीं तें कार्य चालविलें. या लोकांना कोणीं बाहेरून येऊन संस्कृति शिकविली नव्हती. दारूपायीं होणारें कर्ज आणि त्या कर्जापायीं जाणारी जमीन त्यांनीं स्वतः पाहिली होती, आणि पेला स्वतःच्या हातानें पालथा घातला होता. आजहि ज्या गांवांत स्त्रिया मतदान करून बाटली आडवी करतात, त्यांचा अधिकार आम्ही निःसंकोचपणें मान्य करतों. कारण त्या बाटलीचे परिणाम त्यांच्या अंगावर उठलेले असतात.

येथेंच आमच्या अपराधाचें स्वरूप आम्हांला स्पष्ट दिसूं लागलें. गुला महाराजांच्या अनुयायांनीं कठोर माप वापरलें, पण तें स्वतःला लावलें. विधीच्या पंक्तींत बसलेल्या त्या गृहस्थांनीं उदार माप वापरलें, पण तें सर्वांना सारखें. आमच्या हातांतल्या पेल्याकडे पाहून त्यांनीं फक्त तो कशाचा आहे एवढेंच विचारलें. आम्हीं मात्र एकाच ओसरीवर, एकाच घटकेंत, दोन मापें वापरलीं. कठोर माप दुसऱ्यासाठीं, उदार माप आपल्यासाठीं. दुकानदारानें घेतांना एक आणि देतांना दुसरें माप वापरलें तर त्याला आपण लबाड म्हणतों. अभिरुचीच्या नांवाखालीं तेंच केलें तर त्याला काय म्हणावें?

त्यांतहि अभिरुचीचा एक विशेष दोष आहे, तो सुशिक्षित घरांनीं ध्यानांत ठेवावा असा आहे. पैशाचा गर्व माणसाला स्वतःलाच कधीं कधीं बोंचतो. पण रुचीचा गर्व बोंचत नाहीं, कारण तो ज्ञानाचा वेष घालून येतो. मीठ आणि गोडी यांचा मेळ कसा बसतो हें आम्हांला त्या संध्याकाळीं कळलें, तें ज्ञानच होतें. परंतु त्या ज्ञानाबरोबर आपण ज्याला कळतें त्या वर्गांतले आणि पायरीपाशीं उभा असलेला माणूस ज्याला कळत नाहीं त्या वर्गांतला, ही भावना केव्हां घरांत शिरली तें समजलेंच नाहीं. 'तुम्ही'चें 'तूं' झालें तें मद्याच्या अंमलानें नव्हे. आम्हीं दीड पेलाच घेतला होता. तें झालें या भावनेच्या अंमलानें, आणि तिला कोणत्याहि कायद्यानें बंदी घातलेली नाहीं.

मग आम्हीं करावें काय? कांहीं मित्रांनीं सुचविलें, कीं प्रायश्चित्त म्हणून वाइन सोडून द्यावी. सोडणें चांगलेंच, आणि ज्यांना जमेल त्यांनीं जरूर सोडावी. पण त्या रात्रींचा अन्याय वाइनीनें केला नव्हता, तेव्हां वाइन सोडल्यानें तो फिटेल असें आम्हांला वाटत नाहीं. आम्ही स्वतःपुरता एक नेम केला आहे, तो वाचकांना लहान वाटेल. दुसऱ्याच्या पेल्याविषयीं तोंड उघडण्यापूर्वीं तेंच वाक्य आपल्या पेल्याला लावून पाहावयाचें. 'बायकामुलांत दारू पिऊन येतोस' हें वाक्य आम्हीं त्या ओसरीवर स्वतःला लावून पाहिलें असतें, तर तें घशांतच राहिलें असतें. कारण आमच्याहि भोंवतीं बायकामुलेंच बसलीं होतीं. आणि दारांत कोणी आलें तर आधीं काय काम आहे तें विचारावयाचें, आणि मग त्याच्या तोंडाला कशाचा वास येतो तें पाहावयाचें.

परतीच्या दिवशीं घाट उतरतांना एका वळणावर मोहाच्या झाडाखालीं चारपांच बायका फुलें वेंचीत होत्या. मुलांच्या हट्टाखातर गाडी थांबवून आम्ही उतरलों. एकीनें मुलांच्या ओंजळींत ताजीं फुलें घातलीं. आम्हींहि एक तोंडांत टाकलें. गोडी जाड, थोडी उग्र, मागें किंचित् तुरट. आणि आश्चर्य असें, कीं आमच्या मित्रांच्या डब्यांत उरलेल्या त्या निळ्या शिरांच्या चीजची आठवण त्या फुलानें लगेच दिली. दोन्ही एकत्र फार छान लागलीं असतीं. तें आम्हीं मित्रांना सांगितलें. ते क्षणभर गप्प राहिले, मग म्हणाले, "काल हें कळलं असतं, तर त्यांनाहि ओसरीवर बसवून चीजचा तुकडा दिला असता." चीजबरोबर काय घ्यावें याची आम्हीं तासभर चर्चा केली होती; कोणाबरोबर घ्यावें हा प्रश्न मात्र तेव्हां कोणासच सुचला नव्हता.